खरखर काढलेली आवृत्ती

२ डिसेंबर, सकाळी
संकल्प केला. मी डिजिटल होणार.

लोक म्हणतात जुनं ते गेलं. चूक. जुन्याला फक्त नवीन डबा लागतो. रेडिओवरचा माझा ‘मुसीकाठची मराठी’ हा रविवारचा अर्धा तास आता यूट्यूबवर येणार. नोकरी मी अकाउंट्सच्या ऑफिसात केली, पण हैदराबादेत माझी ओळख आवाजाने. बेगम बाजारात हळद घ्यायला गेलो तर दुकानदार आवाज ओळखायचे. (एकाने ओळखला होता.)

सगळे कार्यक्रम कॅसेटवर आहेत. कार्यक्रम थेट असायचा. मी तिकडे स्टुडिओत, इकडे विद्यानगरच्या घरात आमची ही, जयवंता, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायची आणि लाल बटण व त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायची. तिच्याकडे एवढंच काम होतं. ते तिने चोख केलं. प्रत्येक कॅसेटवर विषय लिहिला, लाकडी पेटीत नीट लावून ठेवली.

मी त्या कधी ऐकल्या नाहीत. वेळ मिळाला नाही. शिवाय आपण काय बोललो ते आपल्याला माहीतच असतं.

जयवंता गेल्या श्रावणात गेली. त्याविषयी इथे लिहिणार नाही. ही कामाची वही आहे.

५ डिसेंबर
शिल्पाला फोनवर योजना सांगितली. पोरगी कोंडापूरला असते, कॉम्प्युटरमधली आहे, तरी तिला उत्साह कमी. म्हणाली, करा बाबा, तुमचं मन रमेल. माझं मन रमलेलंच आहे. मराठी वाङ्मयाचा प्रश्न आहे. तिने मधेच विचारलं, जेवता ना वेळेवर? म्हटलं, उत्तम. कोपऱ्यावर तयार डाळ-भाज्या विकणारा करी पॉइंट आहे, त्याची डाळ डाएटला चांगली असते. भात मी घरी करतो. आज थोडा लागला, पण तो पातेल्याचा दोष.

९ डिसेंबर
अंबरपेठेत प्रमोदचा स्टुडिओ आहे. लग्नाचे जुने व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून देतो. उदगीरकडचा, जन्म इथला. बोलतो मराठीच, पण तिच्यात सगळं शहर घुसलेलं. पेटी बघून म्हणाला, बाप रे काका, इत्ता माल!

एक कॅसेट लावून कानाला हेडफोन लावले आणि हसायला लागला. विनोदी विषय नव्हता. ‘संतवाङ्मयातील जलविचार’ होता. विचारलं तर म्हणाला, काका, तुमच्या मधी मधी एक बाई बोलायलीय. काकू का? म्हटलं, असेल, घरातला आवाज आला असेल. म्हणाला, ठेवू का काढू? आता मशीन सगळं अलग करतंय, तुमचा आवाज इकडं, बाकीचा नॉइज तिकडं.

मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, काढा. वाङ्मयात कुकरच्या शिट्ट्या नकोत.

तो म्हणाला, एकदा ऐका तर. म्हटलं, माझ्याकडे वेळ नाही. नंतर करी पॉइंटपाशी दुपारभर उभा होतो, कारण ते उशिरा उघडतात.

२० डिसेंबर, दुपारी
पेनड्राइव्ह आला. पेटीही परत आणली. ऐकलं.

अप्रतिम. आवाज अगदी स्वच्छ. न्हाणीघरात बोलल्यासारखा वाटतो, पण प्रमोद म्हणतो त्याला क्लॅरिटी म्हणतात. अधूनमधून मी बोलत असताना मागे एकदम पोकळ शांतता येते आणि परत जाते. श्रोत्याला विचार करायला जागा मिळते. हे मला त्या काळीही साधत असलं पाहिजे.

२७ डिसेंबर
चॅनल सुरू. उद्घाटन घरच्या घरी केलं, नारळ फोडला. पाणी फोनवर उडालं.

रात्रीपर्यंत अकरा जणांनी पाहिलं. त्यातल्या काही वेळा मीच, पण पडताळणी आवश्यक असते.

४ जानेवारी
सुरुवातीला असंच असतं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. तीन अंगठे आले, एक हात जोडलेला. हात जोडलेला बहुधा चुकून, कारण त्याच्या वर कुणाच्या तरी निधनाची बातमी होती.

संकल्प: शीर्षकं आकर्षक करायची. ‘स्त्रीशिक्षण: एक चिंतन’ याचं ‘स्त्रीशिक्षणाबद्दल हे तुम्हाला माहीत नाही!’ केलं.

१४ जानेवारी, भोगी
पहाटे कॉलनीत भोगीची शेकोटी होती. इथली पद्धत फार समंजस. घरातलं जुनं, निरुपयोगी ते अग्नीला द्यायचं आणि मोकळं व्हायचं. जयवंता दरवर्षी माझ्याकडे मोडक्या खुर्च्या मागायची, मी द्यायचो नाही. यंदा ठरवलं की आपण आदर्श घालून द्यायचा.

कॅसेटची पेटी दिली.

आता सगळं पेनड्राइव्हवर आहे आणि यूट्यूबवर आहे. म्हणजे अमर. सेक्रेटरी ओरडले की प्लास्टिक चालणार नाही, धूर होतो. ते स्वतःचा व्हिडिओ काढायला वळले तेवढ्यात मी पेटी आत सरकवली. चांगलं सागवान होतं, छान पेटलं. वास मात्र फार आला. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराने. शेजारच्या आंटींनी विचारलंही, क्या हुआ भाईसाब, आणि मी त्यांना धुराचंच सांगितलं.

घरी भोगीची भाजी नव्हती. करी पॉइंटवर डाळ होती.

२५ जानेवारी
शिल्पाचा फोन. सहज म्हणाली, बाबा, त्या टेप्सवर कुठे आईचा आवाज आहे का? एकदा तरी असेल ना? फोनमध्ये तिचा एकही व्हॉइस मेसेज नाही, तिला टाइप करायलाच आवडायचं.

मी सांगितलं की थोडा नॉइज होता, तो व्यावसायिक पद्धतीने काढला.

 मग म्हणाली, बरं, ओरिजिनल आहेत ना पेटीत, मी एखाद्या रविवारी प्लेयर घेऊन येते. म्हटलं, ये ना. पेटीचं तिला आत्ताच कशाला सांगायचं. ऑफिसात कामाचा ताण असतो तिला.

३ फेब्रुवारी
धक्का.

शिल्पाने एक रील पाठवली. खाली काही लिहिलं नव्हतं, नुसतीच रील. उघडली. मागे बारीक आवाजात मी: संत सांगतात, श्रोतेहो, पाण्याचा एक थेंबही वाया जाऊ देऊ नका. आणि लगेच, अगदी कानाशी:

हौ हौ, सांगा दुनियेला. घरचा नळ चार दिवसापासून टपकायलाय.

पुढे ढोलकीचा ठेका आणि एक मुलगा नवऱ्याचा अभिनय करतो.

मी फोन खाली ठेवला. परत उचलला. जयवंता होती. सर्दी झाल्यावर असायचा तसा आवाज. मागे फोडणीचा आवाजही होता.

नंतर शिल्पाचा फोन आला. रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, बाबा, ऑफिसातल्या एका मुलीने दाखवलं, तिला मराठी कळतही नाही, आणि मी आईला ओळखलं. मी म्हटलं, हे बेकायदेशीर आहे. म्हणाली, बाबा, आईचा आवाज आहे. म्हटलं, हो, आणि मागे माझा आहे, परवानगीशिवाय.

४ फेब्रुवारी
एक नाही, असे बरेच तुकडे आहेत. मी स्टुडिओतून बोलायचो आणि ही घरात रेडिओला उत्तरं द्यायची! रेकॉर्डिंग चालू असताना! इतकी वर्षं! आणि लोक तिच्या उत्तरांवर नाचतायत. कुणी मांजरीच्या तोंडी घातलीत, कुणी सासूच्या. करीमनगरची एक नवरी हातावर मेंदी काढून घेताना तिचे शब्द ओठांनी म्हणते.

सगळ्यात जास्त चाललेला तुकडा स्त्रीशिक्षणाचा. मी म्हणतो, एक स्त्री शिकली की सारं घर उजळतं. ही म्हणते, मग मला टायपिंगच्या परीक्षेला का जाऊ दिलं नाही ते सांगा की रेडिओवर.

हे सपशेल चुकीच्या संदर्भात आहे. परीक्षा सिकंदराबादला होती. दोन बस बदलायला लागायच्या. शिल्पा लहान होती. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की पुढच्या वर्षी परीक्षेला बस. पुढच्या वर्षीचं तिने काढलंच नाही. मी तरी किती लक्षात ठेवणार.

माझं ‘स्त्रीशिक्षणाबद्दल हे तुम्हाला माहीत नाही!’ एकूण एकवीस लोकांनी पाहिलंय.

५ फेब्रुवारी
प्रमोदला जाब विचारला. त्याला लाज वगैरे काही नाही. म्हणाला, काका, तुम्हीच बोलले ना काढून टाका? टाकायलो तर वाटलं, काकू कमाल बोलतात, टाकू नाही वाटलं. तर नेटवर टाकलो. लोकं परेशान हायेत पुढच्या पार्टसाठी.

मी आवाज चढवला. व्यावसायिक नीतिमत्ता, वारसा, कॉपीराइट, सगळं सांगितलं.  त्याच्या कॉम्प्युटरवर ‘काकू’ नावाचं एक फोल्डर होतं. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि ते काढायला लावलं. मग कचऱ्याच्या डब्यातूनही काढायला लावलं. माऊस हातात धरून तो म्हणाला, पक्का ना काका? म्हटलं, मी निर्णय बदलणारा माणूस नाही.

फोनमधलं काय, विचारलं. म्हणाला, फोनमधी जागा कुठं, वर टाकलो की डिलीट करायलो.

घरी येऊन रीलवाल्या कंपनीकडे तक्रार केली. इंग्रजी फॉर्म, एकट्याने भरला. मूळ आवाज माझा, मूळ कार्यक्रम माझा, कृपया सर्व ठिकाणांहून हा ऑडिओ हटवावा. फार समाधान वाटलं. शिल्पाला सांगितलं नाही, उगाच भावनिक होईल.

९ फेब्रुवारी
पुरावे गोळा करणं आवश्यक आहे. तक्रारीची चौकशी होईल तेव्हा एक एक रील दाखवता आली पाहिजे. म्हणून सकाळच्या चहाबरोबर बघतो. दुपारीही थोडं. कामच आहे ते.

१२ फेब्रुवारी
पुरावा: मी मोल्सवर्थच्या शब्दकोशाचं महत्त्व सांगतोय. ही: अवो, किराणाच्या चिठ्ठीवर साखर लिहायचं विसरले तुम्ही.

पुरावा: मी, दीपावलीचा आनंद वाटून घ्या. ही: मंग या की, चकल्या कोण वळणार?

पुरावा: मी शेवटी कवितेच्या दोन ओळी म्हणतो. माझ्याच होत्या. त्यावर ही काहीच बोलत नाही. मग हळूच, शिल्पाला असावं: ऐकलंस का, बाबांनी लिहिलंय. चांगलंय की नाही?

हा तुकडा फार कमी लोकांनी वापरलाय. ठेका बसत नसेल. मी पुन्हा पुन्हा पाहिला, पुराव्याच्या दृष्टीने.

१५ फेब्रुवारी, रविवार
आज एक नवीन सापडला.

कार्यक्रम संपतोय. मी म्हणतो, तर श्रोतेहो, रजा घेतो, पुढल्या रविवारी भेटूच. आणि ही म्हणते:

जल्दी या. जेवायची थांबलेय मी.

नंतर बटणाचा खट्ट आवाज.

कार्यक्रमानंतर आम्ही मित्रमंडळी नारायणगुड्याला इराणी हॉटेलात बसायचो. कार्यक्रमाची चर्चा व्हायची. ती आवश्यक असते. दोन-अडीच वाजायचे, कधी तीन. थांबू नकोस असं मी तिला सांगितलं होतं. सांगितलंच असणार. असं कुणी सांगत नाही का?

घरी आल्यावर ताट वाढलेलं असायचं. एकच. माझं. मला वाटायचं ती जेवलीय.

आज जेवलो नाही. पोट बरं नव्हतं.

१६ फेब्रुवारी
मला तिची आठवण येते. फार येते. सकाळी उठल्यावर घरात जी शांतता असते ती सहन होत नाही. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

१८ फेब्रुवारी
नवीन योजना, पूर्वीपेक्षा उत्तम. तक्रार मागे घ्यायची आणि ‘मुसीकाठची मराठी’ जोडीने काढायची. माझं वाक्य, मग तिचं. खरं तर तो कार्यक्रम पहिल्यापासून तसाच होता, फक्त अर्धाच प्रसारित व्हायचा. शिल्पा निवेदन करेल. तिला मराठी वाचायला अडखळायला होतं, मी इंग्रजी अक्षरांत लिहून देईन.

कंपनीला तक्रार मागे घेतल्याचं कळवलं. लगेच उत्तर आलं, म्हणजे तिकडे माणसं तत्पर आहेत. उत्तरात लिहिलंय की या पत्त्यावर आलेले मेसेज वाचले जात नाहीत. तांत्रिक भाषा असते ती.

रील फोनमध्ये कशा उतरवून घ्यायच्या ते मला येत नाही. घाई नाही. शिल्पा रविवारी येतेय, तिच्याकडून करून घेईन. इंटरनेटवर एकदा गेलेलं कधी जात नाही, हे सगळेच सांगतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी
कंपनीचा मेल. अभिनंदनाच्या सुरात आहे. तुमचा दावा ग्राह्य धरण्यात आला आहे. ऑडिओ सर्व व्हिडिओंमधून हटवण्यात आला आहे.

रील उघडली. मुलगा नवऱ्याचा अभिनय करतोय. आवाज नाही. मांजर. आवाज नाही. खाली एक बारीक ओळ: हा ऑडिओ आता उपलब्ध नाही.

फोन बंद करून चालू केला. आवाजाचं बटण दाबलं. शेजारच्या आंटींच्या फोनवर पाहिलं. त्यांच्याकडेही नाही.

संध्याकाळी
रिक्षाने अंबरपेठ. प्रमोदचं अकाउंटच गेलंय, माझ्या तक्रारीने. तो रागावेल असं वाटलं होतं. माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची दिली. फोल्डर परत आणायचा एक प्रोग्राम असतो, तो त्याने चालवला. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. शेवटी म्हणाला, काका, त्या जागी आता लग्नं बसलीत. माघ चालू होता ना, शूटिंगा लई झाल्या.

म्हटलं, कुणाचं तरी असेल, कुणी उतरवून घेतलं असेल. म्हणाला, बघतो काका, ग्रुपमधी टाकतो. चहा मागवला. मी प्यालो नाही असं आठवतं.

२२ फेब्रुवारी, रविवार
शिल्पा आली. कुठून तरी जुना कॅसेट प्लेयर मिळवला होता, नवे सेल घालून आणला होता. आल्या आल्या म्हणाली, रील सगळ्या म्यूट झाल्या बाबा, कुणीतरी दावा ठोकला म्हणे. जाऊ दे, आपल्याकडे ओरिजिनल आहेत. पेटी कुठंय?

मी पाणी दिलं. करी पॉइंटच्या नव्या भाजीबद्दल सांगितलं. प्लेयर चांगला आहे म्हटलं.

तिने स्वतःच माळा पाहिला. मग कपाट. मग पलंगाखाली वाकली. वाकलेली असतानाच मी सांगितलं. भोगीचं आधी, दाव्याचं नंतर. धुराचंही सांगितलं, त्याचा काही संबंध नव्हता.

ती उठली नाही. तिथेच फरशीवर बसली. भांडली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे काही मुद्दे तयार होते. तिने विचारलं, बाबा, तुम्ही एकदाही ऐकलं नाही? इतक्या वर्षांत? एक पण कॅसेट?

मी म्हटलं, मला काय माहीत ती बोलत असेल.

शिल्पा म्हणाली, ती तुमच्याशीच तर बोलत होती.

१ मार्च
प्रमोदच्या ग्रुपमधून काही आलं नाही. एकाने पाठवलं ते दुसऱ्याच कुठल्या बाईंचं होतं. छान बोलतात त्याही.

रील अजून आहेत. लोकांनी काढल्या नाहीत, नुसत्या मुक्या चालू आहेत. करीमनगरची ती नवरी तशीच हात पुढे करून बसलेली, मेंदीवाली खाली बघतेय, आणि नवरीचे ओठ हलतायत. ते शब्द जयवंताचे आहेत, एवढं नक्की. कुठले, ते कळत नाही. नळाचं? टायपिंगचं? जेवायची थांबलेय, ते? हिचं नक्की कोणतं होतं ते मी तेव्हा पाहून ठेवलं नव्हतं. ओठ बारकाईने पाहिले. आरशासमोर उभं राहून सगळी वाक्यं मीही म्हणून पाहिली. जुळत नाही. बेचाळीस वर्षं जिच्यासमोर बसून जेवलो तिचे शब्द मला ओठांवरून ओळखता येत नाहीत.

ती रील शिल्पाला पाठवली. तिने एका क्षणात लिहिलं, कळलं. विचारलं, काय म्हणते? दोन निळ्या खुणा आल्या. 

फोन केला. उचलला तिने. म्हणाली, बाबा, ते मला राहू दे. माझ्याकडे तेवढंच आहे.

म्हटलं, बरोबर आहे. ठेवला.

८ मार्च, रविवार, दुपारी
भात केला. लागला नाही. ताटं दोन घेतली, एक परत ठेवलं.

चॅनल बंद केलं. कुणाची तक्रार आली नाही.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि जेवायला बसलो. नवरी बोलत राहिली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून बोलायची. मी जेवण होईपर्यंत मधे एकदाही बोललो नाही.